जास्वंदीवरचा पिठ्या आणि घरचा फवारा

‘जास्वंदीच्या शेंड्यांवर कापूस साचल्यासारखं झालंय, काय मारू?’ उन्हाळा लागला की हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. मी उत्तर लिहीपर्यंत पुढचा निरोप हजर: ‘कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायचं लिक्विड एकत्र करून मारलं. नैसर्गिकच आहे म्हणून जरा हात सैल सोडला.’ चार दिवसांनी तिसरा निरोप येतो. ‘पानं करपली.’

हा तिसरा निरोप कुणाला पाठवायला लागू नये म्हणून हे लिहिते आहे. गच्चीतल्या झाडांवर घरगुती फवारे मी वर्षानुवर्षं वापरते आणि ते उपयोगी पडतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ते औषध आहे. औषधाला मात्रा असते, वेळ असते, पथ्य असतं. साबण, तेल आणि निंबोळीतला कडू अंश या तिघांची काम करायची तऱ्हा वेगवेगळी आहे. ती एकदा समजली की किती घालायचं आणि कधी मारायचं हे पाठ करावं लागत नाही.

आधी पान उलटून बघा

बाटली हातात घेण्याआधी पाच मिनिटं झाडापाशी बसा. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्याचं पान उलटं करा. पांढरा, पिठासारखा थर असलेले, तांदळाच्या कणीएवढे चपटे जीव एकमेकांना चिकटून बसलेले दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कळ्यांच्या देठाशी हिरवे किंवा काळे, टाचणीच्या डोक्याएवढे मऊ किडे दाटीने असतील तर मावा. कण्हेरीवर हाच मावा चक्क पिवळाधमक असतो. पानावर बारीक फिकट ठिपके पडलेत, मागे अगदी पुसटशी जाळी आहे, तर एक पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने झटका. कागदावर लाल-तपकिरी ठिपके चालायला लागले तर लाल कोळी. फांदीला शिंपल्याच्या तुकड्यासारखं काही घट्ट चिकटलंय आणि नखाने खरवडल्यावरच सुटतंय, तर ती खवले कीड.

हे सगळे रस शोषणारे. लाल कोळी सोडला तर बाकीच्यांचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते आणि स्राव खायला मुंग्या येतात. मुंग्या पिठ्याला जपतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. त्यामुळे झाडावर मुंग्यांची रांग दिसली की ती जिथे संपते तिथे नजर न्या, कीड तिथेच सापडते. आणि ती रांग तोडल्याशिवाय फवाऱ्याला पुरतं यश येत नाही. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवून तिच्यात विटेच्या तुकड्यावर कुंडी उभी केली तरी बऱ्याच मुंग्या थांबतात. फक्त ताटलीतलं पाणी दोनतीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

आता एक गोष्ट, जी कळायला मला फार वेळ लागला. पिठ्याच्या घोळक्यात कधीकधी एक जरा मोठा, लांबट, पांढऱ्या झालरी लोंबणारा किडा दिसतो. पिठ्या जागचा फारसा हलत नाही, हा मात्र चांगला तुरुतुरु चालतो. हा पिठ्याचा बाप नव्हे, पिठ्याला खाणारा आहे: क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. हा भुंगेरा मूळ ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली कॉफीवरच्या किडीसाठी तो भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागायतदार पिठ्यासाठी तो मुद्दाम विकत घेऊन बागेत सोडतात. दिसायला पिठ्यासारखाच असल्यामुळे घरच्या बागेत सगळ्यात आधी हाच मारला जातो. मी स्वतः कितीतरी मारले असतील.

मित्रकीटकांची ताकद आपल्याकडे दिसलेली आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला पहिल्यांदा आढळला आणि दोनेक वर्षांत पुण्यापर्यंत पोचला. पपई, तुती, जास्वंद, चाफा, काही सोडलं नाही त्याने. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. शेवटी २०१० मध्ये शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्युएर्तो रिकोहून चिलटाहून लहान अशा परोपजीवी, म्हणजे किडीच्याच अंगात अंडी घालणाऱ्या, गांधीलमाश्या आणवून सोडल्या आणि कीड आटोक्यात आली. म्हणून मी सांगते, घाईने मारू नका. आधी पाहुणा कोण आणि चोर कोण ते ठरवा.

कीड दोनचार शेंड्यांवरच असेल तर फवाऱ्याची गरजही नाही. शेंडा कापा, पिशवीत घालून तोंड बांधा आणि कचऱ्यात टाका. कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये नको. उरलेल्या फांद्यांवर नळीने पाण्याची जोरदार धार मारा, पानांच्या मागून. मावा आणि लाल कोळी निम्म्याहून जास्त याच पाण्याने जातात. खवले किडीला जुना दातांचा ब्रश पुरतो.

फवारा नेमकं काय करतो

साबण आधी घेऊ. पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, म्हणून नुसतं पाणी त्याच्यावरून अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळून जातं. साबण तो थर मोडतो, मऊ त्वचेतून आत शिरतो आणि किड्याच्या अंगातलं पाणी सुटत जातं. यातून तीन गोष्टी निघतात. साबण किड्याला भिजवेल तेव्हाच मारतो. पानावर वाळला की त्याचा प्रभाव संपला. म्हणजे पानाच्या मागे जिथे कीड आहे तिथेच तो पोचला पाहिजे, वरवर शिंपडून काही होत नाही. दुसरं, पानावरही मेणाचाच पातळ थर असतो आणि साबण जास्त झाला की तोही मोडतो. करपणं बऱ्याचदा तिथून सुरू होतं. भांड्यांचं लिक्विड तर तेलकटपणा ओरबाडून काढायलाच बनवलेलं असतं, तो खरं तर साबणच नव्हे. बागेसाठी मिळणारा पोटॅशियमचा मऊ साबण घ्या किंवा आपला रिठा. नुसत्या साबणाचा फवारा करायचा तर लिटरला ५ मिली पुरे.

तिसरी गोष्ट पाण्याची. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही, पांढरा साका होतो. तो साका किड्यांना काही करत नाही, वर फवाऱ्याचं तोंड तुंबवतो. अशा ठिकाणी पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

तेलाचं काम आणखी सरळ आहे. कीटकाला आपल्यासारखं नाक नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो श्वास घेतो. तेलाचा पातळ थर ती छिद्रं बुजवतो. पण पानालाही अशीच छिद्रं असतात, बहुतेक मागच्या बाजूला. थर जाड झाला आणि वरून ऊन तापलं की पान गुदमरतं आणि भाजतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. एका मे महिन्यात, गावाला निघायच्या घाईत, सकाळी अकरा वाजता मी जास्वंदीवर तेल मारलं. मात्रा दुप्पट घेतली, कारण पुढचे आठ दिवस मी नसणार होते. कुंडीची मातीही त्या दिवशी कोरडीच होती. परत आले तेव्हा दक्षिणेकडची सगळी पानं कडेने तांबूस होऊन आत वळली होती, कळ्या देठातून गळून खाली पडल्या होत्या. पिठ्या मात्र फांदीच्या बेचक्यात होता तिथेच होता, कारण तिथे फवारा पोचलाच नव्हता. ते झाड सावरायला पावसाळा उजाडला.

म्हणून तेल मारायचं ते ऊन उतरल्यावर, पारा ३० अंशांच्या आसपास किंवा खाली असताना, आणि झाडाला आदल्या दिवशी नीट पाणी देऊन. तहानलेल्या, नुकत्याच कुंडी बदललेल्या किंवा आजारी झाडावर नाही. नेच्यासारख्या नाजूक पानांवर तर नाहीच. भुरीसाठी, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीसाठी, गंधक वापरत असाल तर गंधक आणि तेल यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्ही एकत्र आली की पान जळतं.

आता कडुनिंबातला कडू अंश, अ‍ॅझाडिरॅक्टिन. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा सगळी झाडं ओकीबोकी झाली आणि कडुनिंब तेवढे हिरवे राहिले, हे श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९६२ मध्ये, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत हे दाखवून दिलं. १९६८ मध्ये तो रेणू वेगळा काढला गेला. तो इतका गुंतागुंतीचा निघाला की त्याची पूर्ण रचना उलगडायला १९८५ उजाडलं आणि प्रयोगशाळेत तो पहिल्यापासून घडवायला केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना २२ वर्षं लागली. ते जमलं २००७ मध्ये. म्हणूनच आजही तो निंबोळीतूनच काढावा लागतो.

हा रेणू किड्याला जागच्या जागी मारत नाही. त्याची खायची वासना जाते आणि कात टाकायला लागणाऱ्या संप्रेरकाचं काम बिघडतं. पिल्लं कात टाकू शकत नाहीत, मोठी होत नाहीत, पुढची पिढी थांबते. याला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी पिठ्या हलताना दिसला म्हणून लोक मात्रा वाढवतात, आणि चूक होते ती तिथेच. आणखी एक: हा रेणू नाजूक आहे. उन्हात तो मोडतो, क्षारयुक्त पाण्यातही मोडतो. सकाळी मिश्रण करून संध्याकाळसाठी ठेवलं, किंवा दुपारी फवारलं, की पैसे पाण्यात. तेलासाठी संध्याकाळ हवी होती ती पानं वाचवायला. इथे संध्याकाळ हवी ती औषध वाचवायला.

मिश्रण करताना

दुकानात दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात. एक नुसतं घाण्याचं निंबोळी तेल. दुसरं तयार औषध, ज्यावर ३००, १५००, ३००० किंवा १०,००० पीपीएम असं लिहिलेलं असतं. तो आकडा अ‍ॅझाडिरॅक्टिनचा. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. आकडा जितका मोठा तितकं औषध कमी लागतं, म्हणून ३०० पीपीएमचं माप दुसऱ्या बाटलीला लावू नका. तयार औषधात तेल पाण्यात मिसळायची सोय केलेली असते, वरून साबण घालायचा नाही. लेबलवरचं माप तेच खरं. लेबलवरचा रंगीत चौकोनही बघून ठेवा: लाल म्हणजे अतिविषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा सगळ्यात सौम्य गटाचा, पण त्याचा अर्थ निर्विष असा नाही. देवापुढे लावायचं म्हणून जे तेल विकतात ते झाडावर मारू नका, त्यात काय काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो.

घाण्याचं तेल असेल तर एक लिटर पाण्याला ५ मिली तेल, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. थंडीत ते तुपासारखं थिजतं. बाटली कोमट पाण्यात उभी करा, गॅसवर तापवू नका. चारपाच रिठ्यांची टरफलं रात्रभर कपभर पाण्यात भिजवा, सकाळी चोळून गाळा. (रिठा नसेल तर मऊ साबण, २ मिली.) त्या फेसाळ पाण्यात तेल थेंबाथेंबाने घाला आणि ढवळत राहा. ताक घुसळल्यासारखं पांढुरकं झालं की ते मिसळलं. मग उरलेलं पाणी घालून लिटरभर करा. पृष्ठभागावर सोनेरी थेंब तरंगताना दिसले तर मिश्रण फसलं, पुन्हा घुसळा. तेच थेंब पानावर बसले की नेमके तिथे डाग पडतात. फवारतानाही मधूनमधून बाटली हलवत राहायची.

ज्यांच्या आसपास कडुनिंब आहे त्यांनी जून-जुलैत पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा कराव्यात. गर धुऊन काढायचा, बिया सावलीत वाळवायच्या, बुरशी आलेल्या फेकून द्यायच्या. लागतील तेव्हा ५० ग्रॅम बियांची भरड फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, पिळा, दुहेरी कापडातून गाळा, चिमूटभर साबण घाला. कृषी विद्यापीठं शेतकऱ्यांना ५ टक्के निंबोळी अर्क सांगतात तो हाच. त्याच दिवशी संपवायचा. पानं उकळून केलेला काढा मात्र फारसा कामाचा नाही; कडू अंशाचा खरा साठा बीच्या आत असतो.

नवीन झाडावर पहिल्यांदाच मारत असाल तर चारपाच पानांवर मारून दोन दिवस थांबा. डाग नाही, पान मऊ पडलं नाही, मग सगळ्या झाडावर. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, पानावरून धारा लागायला नकोत. सात दिवसांनी दुसरा, आणखी सात दिवसांनी तिसरा हात. पिठ्याची अंडी कापसासारख्या पिशवीत असतात, त्यांना पहिला फवारा भिडत नाही. त्यातून बाहेर आलेली पिल्लं पुढच्या फेरीत सापडतात.

आणि फुलांवर नाही. अ‍ॅझाडिरॅक्टिन पोटात गेल्याशिवाय फारसं काम करत नाही, पण ओलं तेल आणि साबण मधमाशीच्या अंगावर पडले तर तिचंही पिठ्यासारखंच होतं. आपल्याकडची सातेरी मधमाशी दिवस उजाडताच कामाला लागते. ती पोळ्यात परतल्यावर फवारलं की रात्रीत पान वाळतं आणि सकाळी ती येते तेव्हा धोका बराच कमी झालेला असतो.

हे घरात नकोच

तंबाखूचं पाणी. अजूनही कुणीतरी आजोबा सांगतात, आणि किडे झटक्यात मरतात हे खरं आहे. ते मरतात निकोटिनने, आणि निकोटिन आपल्याही कातडीतून शरीरात जातं. मळमळ, गरगरणं, छातीत धडधड, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर त्याहून गंभीर. निकोटिन सल्फेट या कीटकनाशकावर भारतात वापरासाठी बंदी आहे; तेच विष आपण स्वयंपाकघरातल्या पातेल्यात उकळायचं का? शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीच्या रोपांवर जाऊ शकतो तो वेगळाच.

दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या दशपर्णी अर्काबद्दल मी जपून बोलते, कारण शेतात तो फार कामाचा आहे आणि करणाऱ्यांना त्याची जाण असते. पण त्याच्या यादीत काय असतं ते बघा: कडुनिंब, निर्गुडी, करंज यांच्या जोडीला कण्हेर, धोतरा, रुई, एरंड. कण्हेरीचं विष हृदयावर जातं, धोतऱ्याचं मेंदूवर. शेतावरच्या पिंपात महिनाभर कुजवून पातळ केलेला अर्क वेगळा आणि दोन खोल्यांच्या घरात गॅलरीतल्या बादलीत झाकण न लावता ठेवलेला वेगळा. घरात रांगतं मूल असेल तर करू नका. कढीपत्ता, तुळस, गवती चहा यांवर तर मारूच नका. तिथे पाण्याची धार आणि फार तर सौम्य साबण, आणि खुडल्यावर स्वच्छ धुऊन घ्यायचं. कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती फुलपाखराची आहे. चार पानं तिला खाऊ द्यावीत असं माझं मत. फारच पानं संपवायला लागली तर उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर ठेवा.

मिरची-लसणाचा फवारा करणाऱ्यांनी चष्मा आणि हातमोजे घालावेत, वाऱ्याकडे पाठ करावी. शेजारच्या गॅलरीत कुणी बसलेलं नाही ना, तेही बघावं. व्हिनेगर आणि मीठ हे तर तण मारायचं मिश्रण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून ते कीडनाशक म्हणून फिरतं आणि कुंडीची माती कायमची खारट होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कडुनिंबाचं तेल पोटात घ्यायची वस्तू नाही. १९८१ मध्ये मलेशियातल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं होतं, की घरगुती औषध म्हणून हे तेल पाजलेल्या बाळांना उलट्या, गुंगी आणि झटके आले, यकृत आणि मेंदूला इजा झाली. त्यामुळे उरलेलं मिश्रण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवायचं नाही. फवाऱ्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख, आणि ती बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. चुकून कुणी प्यायलं तर उलटी करवायला जाऊ नका, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धरा. मांजर पान चाटतं, म्हणून फवारा पूर्ण वाळेपर्यंत त्याला गच्चीत सोडू नका. डासांसाठी कमळाच्या टबात गप्पी मासे पाळले असतील तर फवारण्याआधी टब झाका. तेल आणि रिठा दोन्ही माशांना बाधतात. उरलेलं मिश्रणही त्या टबात किंवा नाल्यात ओतू नका, कुंडीबाहेरच्या मोकळ्या मातीत टाका.

तिसऱ्या फवाऱ्यानंतर आठवड्याने पुन्हा भिंग घेऊन बसा. माव्याच्या जागी कुठेकुठे तपकिरी, फुगलेले, कागदी मण्यांसारखे किडे पानाला चिकटलेले दिसतील. एखाद्या मण्याच्या पाठीला सुईने पाडल्यासारखं गोल भोक असेल. त्या भोकातून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडून पुढच्या माव्याच्या शोधात गेलेली असते. ज्या मण्यांना अजून भोक पडलेलं नाही, त्यांच्या आत तिची भावंडं आहेत. त्या फांदीवर आता काहीही मारू नका.